बर्फावरच्या सीझनआधी मुलांची तपासणी : सर्टिफिकेट मिळालं, पुढे काय?

पोट्टीची_आई | १२ सप्टेंबर

नमस्कार मंडळी,

लेक तेरा वर्षांची. पाच वर्षांपासून इनलाइन स्केटिंग करते. पहाटे साडेपाचला तिला स्कूटीवर मागं बसवून न्यायचं आणि सराव संपेपर्यंत थर्मास घेऊन कठड्यावर बसायचं, हा माझा नित्यनेम. यंदा तिला बर्फाचं वेड लागलंय. उन्हाळ्यात गुरुग्रामच्या मॉलमधल्या रिंकवर पंधरा दिवसांचं शिबिर झालं. आता दिवाळीच्या सुट्टीत देहरादूनच्या रिंकवर, आणि निवड झालीच तर जानेवारीत लेह. प्रकार शॉर्ट ट्रॅक, म्हणजे बर्फावरच्या छोट्या गोल ट्रॅकवरची शर्यत, ५०० आणि १००० मीटर.

क्लबने मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट मागितलं, म्हणून घराजवळच्या एका दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी नाव विचारलं, वय विचारलं, छापील कागदावर सही केली, शिक्का मारला, शंभर रुपये घेतले. लेक तोवर बाहेर स्कूटीजवळ उभी होती. आत आलीच नाही!

तर कागदावर ती फिट आहे. पण गुरुग्रामला रोज सराव झाला की तिला कोरडा खोकला यायचा, अर्धा-पाऊण तास टिकायचा. नागपुरात परत आल्यावर गेला. उजव्या गुडघ्याखाली दुखतं ते मात्र इथेही दुखतंच. सर म्हणतात वाढीचं वय आहे. आजी म्हणते मुलीच्या जातीला हे उद्योग कशाला. नवरा म्हणतो तूच ठरव.

सीझन सुरू होण्याआधी या मुलांचं खरोखर काय तपासायला हवं? कोणाकडून? की मीच उगाच बाऊ करतेय?

बर्डीवाला | १२ सप्टेंबर

ताई, नागपुरात बर्फ म्हणजे एक तर गोळ्याचा, नाही तर रसवंतीवाल्याची लादी. पोट्टी सराव कुठं करून राहिली? फुटाळा गोठला का? आम्हाले कोणी सांगतलं नाही बाप्पा.

पोट्टीची_आई | १२ सप्टेंबर

बर्डीवाला, हा विनोद आम्ही पाच वर्षांत साधारण चारशे वेळा ऐकलाय. :) सराव चाकांवरच. शिवाय घरी स्लाइड बोर्ड आहे. विकतचा परवडत नव्हता, म्हणून महालातल्या सुतारकाकांकडून प्लायवर गुळगुळीत सनमायका चिकटवून घेतला आणि दोन्ही टोकांना लाकडी पट्ट्या ठोकल्या. पायात मोजे घालून या टोकाकडून त्या टोकाला घसरायचं. खालच्या मजल्यावरचे लोक आता आमच्याशी बोलत नाहीत.

जुना_गडी | १३ सप्टेंबर

बाऊच करून राहिल्या तुम्ही, राग मानू नका. आम्ही जिल्ह्यासाठी कबड्डी खेळलो. कोणी रक्त काढलं नाही का छातीला वायरी लावल्या नाहीत. पहाटे अंबाझरीला एक चक्कर पळत, मग दंड-बैठका, मग प्लेटभर तर्री पोहा. पोरगं फिट आहे का नाही ते मैदान सांगते, डॉक्टर नाही.

माझा पोरगा बहुतेक तुमच्या लेकीच्याच क्लबात आहे. पंधरा वर्षांचा. वर्षभरात साधी सर्दी नाही. त्याचंही सर्टिफिकेट त्याच दवाखान्यातलं असावं, शंभर रुपये आम्हीही दिले. ;)

अक्षरशत्रू | १३ सप्टेंबर

वाचतोय. भाची रोलर हॉकी खेळते.

धंतोलीकर | १३ सप्टेंबर

मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथे कोणाचं निदान करणार नाही, पण काय विचारलं जायला हवं ते सांगता येईल.

शंभर रुपयांत जे झालं नाही, त्यातलं सगळ्यात मोलाचं काम फुकट होतं : प्रश्न विचारणं. खेळताना कधी भोवळ येऊन पडली का? थांबल्यावर नाही, ऐन जोरात असताना? छातीत दुखतं का? बरोबरीच्या मुलांपेक्षा फार लवकर दम लागतो का? घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलंय का? या शेवटच्या प्रश्नाला लोक आधी 'नाही' म्हणतात आणि मग दाराशी पोचल्यावर वळून सांगतात, 'एक काका विहिरीत बुडाले, पण ते तर पट्टीचे पोहणारे होते.' तो काका मला महत्त्वाचा असतो. त्यानंतर नाडी, रक्तदाब, हृदयाचे आवाज, आणि ते आवाज झोपवून आणि उभं करून, दोन्ही वेळा ऐकायचे.

ईसीजीवरून जगभर वाद आहे. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंचा ईसीजी कायद्यानेच होतो. अमेरिकेतली हृदयरोगतज्ज्ञांची संघटना प्रश्नावली आणि तपासणीवर भर देते, सरसकट ईसीजी मागत नाही. मी स्पर्धात्मक खेळाडूचा एकदा काढतो. पण वाचणाऱ्याला मुलांच्या ईसीजीची सवय हवी, कारण तेरा वर्षांच्या धडधाकट मुलीचा आलेख मोठ्यांच्या चष्म्यातून बघितला तर आजारी दिसू शकतो आणि घरभर रडारड होते.

रक्तात हिमोग्लोबिन बघाच. बारा ते चौदा वयात १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. मुलीला पाळी सुरू झाली असेल तर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) करा, कारण साठा आधी आटतो आणि हिमोग्लोबिन नंतर घसरतं. 'सरावात मन लागत नाही' म्हणून ओरडा खाणाऱ्या कितीतरी मुलींचं मन जागेवर असतं, लोह नसतं.

खोकल्याबद्दल : बर्फावर काम करणाऱ्या खेळाडूंमध्ये हे नेहमी दिसतं. थंड, कोरडी हवा तोंडाने जोरात ओढली की श्वासनलिका आकसतात. बंद रिंकमध्ये बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र इंधनावर चालत असेल तर त्याच्या धुराची भर. याला 'वाढीचं वय' म्हणून सोडू नका. स्पायरोमेट्री (नळीत जोरात फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी) करायची, मग सहा-आठ मिनिटं जोरात पळवून परत करायची. एका सेकंदात बाहेर टाकलेली हवा १० टक्के किंवा जास्त घटली तर शंका पक्की होते. पण गोम अशी की सप्टेंबरातल्या नागपूरच्या दमट, उबदार हवेत पळवलं तर काहीच न घटण्याची शक्यता भरपूर. इथे नॉर्मल आलं म्हणून तिथे नॉर्मल असेलच असं नाही. म्हणून गुरुग्रामची हकीकत डॉक्टरांना शब्दशः सांगा. रिपोर्टपेक्षा ती बोलकी आहे.

बर्डीवाला | १३ सप्टेंबर

डॉक्टरसाहेब, शंभर रुपयात एवढं कोण विचारते? पाचशेत पण नाही विचारत.

गुडघेदुखी | १३ सप्टेंबर

(हँडलवर हसू नका, मी फिजिओथेरपिस्ट आहे.)

मूळ धाग्यातल्या ताईंना : गुडघ्याची वाटी आणि नडगी यांच्या मध्ये जो हाडाचा उंचवटा लागतो, तिथे बोटाने दाबून बघा. तिथेच नेमकं दुखत असेल, आणि उड्या, जिने, खाली बसणं याने वाढत असेल, तर मांडीचा मोठा स्नायू जिथे हाडाला पकडतो ती वाढीची जागा ओढली जातेय. ऑसगुड-श्लॅटर म्हणतात याला. उंची झपाट्याने वाढते तेव्हा हाड पुढे पळतं आणि स्नायू मागे राहतो. सर अर्धे बरोबर आहेत. वाढीचंच आहे, पण म्हणून दुर्लक्ष करायचं नाही. स्केटिंगमध्ये मूल तासन् तास गुडघे वाकवूनच असतं, वर तुमचा सनमायका. काही आठवडे उड्या आणि खोल बैठका कमी करून बघा. मात्र दुखणं रात्री झोपेतून उठवत असेल, गुडघा सुजत असेल किंवा अडकत असेल तर ते वेगळं, मग हाडांच्या डॉक्टरांकडेच.

दर महिन्याच्या एक तारखेला दाराच्या चौकटीवर पेन्सिलने उंची मांडा. सोबत स्टुलावर बसवून बसती उंचीही. साधारणपणे आधी पाय वाढतात, मग धड. ज्या महिन्यांत रेघा लांब-लांब पडतात, त्या महिन्यांत सरावाचे तास वाढवायचे नाहीत. आमच्या अख्ख्या खोलीभर मशिनरीत या पेन्सिलीइतकं स्वस्त काही नाही.

दुसरं, शॉर्ट ट्रॅकमध्ये सगळी वळणं डावीकडे. वर्षानुवर्षं एकाच बाजूला झुकून दोन्ही पायांची कामं वेगळी होतात. एका पायावर उभं राहून लंगडीच्या तीन उड्या, उजव्याची आणि डाव्याची टेपने मोजा. १०–१५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर मी थांबून बघते. आरशासमोर एका पायावर हळूहळू बसायला सांगा, गुडघा आत कोसळतो का ते दिसेल. घोट्यालाही बघा, कारण बर्फाच्या बुटात घोटा किती पुढे वाकतो यावर सगळी बैठक अवलंबून असते.

पुणेरी_पाटी | १४ सप्टेंबर

आमच्याकडे हे सगळं एका छताखाली होतं. अपॉइंटमेंट मात्र घ्यावी लागते. दुपारी १ ते ४ सोडून.

बर्डीवाला | १४ सप्टेंबर

आले! धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत कोणीतरी यांना संत्रा बर्फी द्या न बे.

आकडेमोड | १४ सप्टेंबर

लंगडी, उड्या, बीप टेस्ट हे सगळं ठीक, पण एक गैरसमज आधीच काढून टाकू. या चाचण्यांवरून 'या मुलाला दुखापत होणार' असं भविष्य सांगता येत नाही. नॉर्वेचे रोआल बार यांनी २०१६ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये हे सविस्तर मांडलं. दुखापत होणाऱ्या आणि न होणाऱ्या मुलांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की मध्ये रेघ मारता येत नाही.

मग मोजायचं कशाला? मूल डिसेंबरात पडलं आणि सहा आठवड्यांनी परत उभं राहिलं, तर 'पूर्वीसारखं झालं का' हे ठरवायला पूर्वीचा आकडा हवा ना. तुलना त्याची त्याच्याशीच, शेजाऱ्याच्या पोराशी नाही.

मी शाळेत शिकवतो. फिट इंडियाच्या चाचण्या आमच्याकडे होतात. चौथीपासून पुढे ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव-चाल, बसून पुढे वाकणं, पाठीवर झोपून अर्धवट उठणं (कर्ल-अप), दंड आणि बीएमआय. एका वर्षी ६०० मीटर आम्ही सकाळी आठला घेतली, पुढच्या वर्षी साहेब उशिरा आले म्हणून साडेबाराला. ऑक्टोबर हीट! कागदावर अख्खी सातवी एका वर्षात म्हातारी झाली. तेव्हा तीच वेळ, तेच मैदान, तेच बूट, आदल्या दिवशी जड सराव नाही. बीप टेस्ट म्हणजे २० मीटरच्या फेऱ्या, ताशी ८.५ किलोमीटरपासून सुरू होऊन दर टप्प्याला अर्ध्या किलोमीटरने वेग वाढतो. काँक्रीटवर घेऊ नका, मानकापूरच्या संकुलात किंवा चांगल्या मातीवर घ्या.

आणि ५०० मीटर म्हणजे १११.१२ मीटरच्या साडेचार फेऱ्या. मिनिटाच्या आत सगळा खेळ संपतो. त्यामुळे नुसतं दमसासाचं मोजून भागणार नाही. उभ्या जागेवरून लांब उडी मोजा. वर्षभरात ती वाढली की सुरुवातीची झेप वाढली असं धरायला हरकत नाही.

जुना_गडी | १४ सप्टेंबर

पेन्सिल, टेप, सनमायका. आता एक पंचांग राहिलं.

साखरसंत्री | १५ सप्टेंबर

वजनाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. माझी मुलगी फिगर स्केटिंगकडे वळली होती. सीझनआधी 'फिटनेस असेसमेंट' म्हणून एका प्रशिक्षकाने सगळ्यांसमोर काटा मांडला आणि आकडे मोठ्याने वाचले. चौदा वर्षांची पोर. त्या रात्रीपासून तिने पोळी सोडली. आम्हाला वाटलं शिस्त आली. चार महिन्यांनी पाळी थांबली तेव्हा डोळे उघडले. पुढे पायाच्या हाडाला बारीक चीर निघाली, सीझन गेलाच, आणि तिने स्केट्स विकायला लावले.

मुलींच्या तपासणीत पाळी नियमित आहे का हा प्रश्न हवाच, आणि तो बाईने, एकटीला, आईलाही बाहेर ठेवून विचारावा. माझी मुलगी माझ्यासमोर खोटं बोलली असती.

धंतोलीकर | १५ सप्टेंबर

साखरसंत्री, वाईट वाटलं वाचून. खर्चाएवढं पोटात गेलं नाही की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडांकडे वळतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला स्वतंत्र नाव दिलं आणि मुलग्यांमध्येही होतं असं नोंदवलं. काटा चारचौघांत मांडण्याचं वैद्यकीय कारण मला तरी माहीत नाही.

पोट्टीची_आई | १५ सप्टेंबर

साखरसंत्री, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या क्लबातही काटा आहे. उद्या बोलते सरांशी.

लेहरिटर्न | १७ सप्टेंबर

उशिरा आलो. दोन वर्षांपूर्वी मुलाबरोबर लेहला गेलो होतो, आईस हॉकीसाठी. वरच्या सगळ्या चाचण्या करा, पण लेह हा वेगळाच पेपर आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर, लेह साडेतीन हजारावर. श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या दोन-तृतीयांश. विमान दिल्लीहून सव्वा तासात उतरवतं, शरीराला ते कळायला दोन दिवस लागतात. पहिले ४८ तास झोपा, पाणी प्या, बर्फाकडे बघू पण नका. आमच्यातली अर्धी पोरं पहिल्याच दुपारी स्केट्स घालून तयार होती, संध्याकाळी डोकं धरून ओकत होती.

प्रवासाच्या आधी आम्हा सगळ्या पालकांना कोणीतरी डायमॉक्सच्या, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या, गोळ्या दिल्या होत्या, 'लेहला सगळेच घेतात' म्हणून. त्याबद्दल डॉक्टरांनी लिहावं.

आणि एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. आमच्या गटात विदर्भातलाच एक मुलगा होता. तिसऱ्या दिवशी सरावात डाव्या बरगडीखाली कळ आली. सगळे म्हणाले, कठड्यावर आपटला असेल, शेक दे. रात्री कळ वाढली, दवाखान्यात नेलं तर प्लीहेला रक्तपुरवठा तुटला होता. खाली आणल्यावर कळलं, मुलगा सिकलचा वाहक. घरात कोणाला पत्ताच नव्हता. आता बरा आहे, खेळतोही, पण वर जात नाही.

धंतोलीकर | १७ सप्टेंबर

हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं. लेहचा उल्लेख वाचून पुढे गेलो, माझी चूक.

विदर्भात सिकलसेल घरोघरी ऐकलेला, लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, सगळा पट्टा. ज्याला दोन्ही पालकांकडून सिकलचं जनुक आलं तो आजारी (एसएस), एकाकडूनच आलं तो वाहक (एएस). वाहकाला एरवी सहसा काही होत नाही. शाळा, खेळ, लग्न, म्हातारपण, सगळं इतरांसारखं. पण प्राणवायू विरळ, अंगातलं पाणी कमी आणि वर जीव तोडून मेहनत, हे तिन्ही एकत्र आलं की वाहकाच्याही लाल पेशी वाकड्या होऊ शकतात, आणि पहिला फटका बहुधा प्लीहेला. डाव्या बरगडीखालची कळ तीच.

तपासणी अगदी साधी. आधी सोल्युबिलिटी टेस्ट. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की आजारी हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसने कळतं. सरकारी पातळीवर सोय आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली, आदिवासीबहुल भागांतल्या चाळिशीपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी हे तिचं उद्दिष्टच आहे. अमेरिकेत कॉलेज-खेळाडूंच्या एनसीएए संघटनेने २०१० पासून वरच्या डिव्हिजनच्या खेळाडूंसाठी ही तपासणी आणली, आणि तिथे तर बहुतेक जण सपाटीवरच खेळतात. आपण विदर्भातली मुलं साडेतीन हजार मीटरवर नेतो आणि विचारतही नाही.

वाहक निघाला म्हणून खेळ बंद करायचा नाही, हे ठळक अक्षरांत वाचा. नियोजन बदलायचं. पाणी, हळूहळू वाढवलेला सराव, उंचीबद्दल रक्तरोगतज्ज्ञांचा सल्ला, आणि संघासोबतच्या माणसाला माहिती.

डायमॉक्स : हे ॲसिटाझोलामाइड. ते मूत्रल आहे आणि मूत्रलं जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या बंदी यादीत आहेत. लेहला फिरायला जाणाऱ्या काकांनी डॉक्टरांना विचारून खुशाल घ्यावं. स्पर्धेतल्या मुलाने रीतसर परवानगीशिवाय घेतलं आणि नमुना मागितला गेला, तर 'सगळेच घेतात' हे उत्तर चालत नाही. दम्याच्या पंपाचं उलट आहे. साल्ब्युटामॉल श्वासातून ठरलेल्या मर्यादेत चालतं. घाबरून पंप लपवू नका.

जुना_गडी | १७ सप्टेंबर

डॉक्टर, मान ठेवून सांगतो, सिकल ते जंगलातल्या भागातलं. आमच्या घराण्यात असं काही नाही. उगाच पोरांच्या डोक्यावर शिक्के बसतात, उद्या लग्न जमवताना लोक विचारतात.

धंतोलीकर | १७ सप्टेंबर

आदिवासी भागात प्रमाण जास्त आहे हे खरं. पण विदर्भात ते एका भागापुरतं किंवा एका समाजापुरतं राहिलेलं नाही. माझ्या ओपीडीत रामदासपेठेसारख्या शहरातल्या उच्चभ्रू वस्तीतलेही येतात. आणि लग्नाचं म्हणाल तर आधी माहीत असणंच बरं. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. शिक्क्याच्या भीतीने तपासणी टाळली तर शक्यता बदलत नाही, कळत नाही एवढंच.

गुडघेदुखी | १८ सप्टेंबर

+१. 'आमच्यात नाही' हे वाक्य माझ्याकडे मधुमेहाबद्दलही ऐकू येतं.

पुणेरी_पाटी | १८ सप्टेंबर

सिकलचं मला खरंच काही माहीत नव्हतं. इथे कोणी विचारत नाही. धागा वाचनखुणांत ठेवला आहे. (बर्फी चालेल.)

पोट्टीची_आई | ६ ऑक्टोबर

धागा वर काढतेय, रिपोर्ट द्यायला.

हिमोग्लोबिन १०.९, फेरिटिन तळाला. सहा महिने 'आळशी झालीस' म्हणून मी तिला बोलत होते, ते आठवून पोटात कालवलं. गोळ्या सुरू. जेवणानंतरचा चहा बंद, तो तिच्यापेक्षा मलाच जड जातोय. सिकल निगेटिव्ह. ईसीजी ठीक. स्पायरोमेट्री पळवून परत केली, धंतोलीकर म्हणाले तसंच झालं, काहीच घटलं नाही. पण डॉक्टरांनी गुरुग्रामची हकीकत नीट ऐकली आणि पंप लिहून दिला, बर्फावर उतरायच्या आधी घ्यायला. देहरादूनला वही ठेवायची आहे : किती वाजता उतरली, खोकला कधी, किती वेळ.

गुडघा ऑसगुडच. चौकटीवर पहिली रेघ मारली. तिने शेजारी स्वतःच माझीही मारली आणि तारीख घातली. म्हणे, 'तू कमी होतेस का ते बघू.'

काटा क्लबातून गेला नाही, पण पडद्यामागे गेला. आणि गंमत ऐका. हे सगळे रिपोर्ट फाइल करून क्लबात नेले, तर ऑफिसातले म्हणाले, 'एवढे कागद नको, मॅडम. ते एक पानाचं असते ना शिक्क्यावालं, तेच द्या.' दिलं तेच, शंभरवालं.

बर्डीवाला | ६ ऑक्टोबर

शंभर वसूल!

आकडेमोड | ६ ऑक्टोबर

ताई, लंगडीचे आकडे?

पोट्टीची_आई | ६ ऑक्टोबर

उजवा ४.३५, डावा ४.६०. पाच-सहा टक्के. त्यातही उजवा दुखरा. लिहून ठेवलंय, मास्तर.

जुना_गडी | ११ ऑक्टोबर

लिहू का नको, चार दिवस विचार केला.

बायकोने हा धागा वाचला आणि मला न विचारता पोराला मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, नेलं. सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह. पुढची तपासणी झाली, एएस. मग घरच्या सगळ्यांची केली. माझ्याकडून आलंय. चाळिशी उलटली, कबड्डी खेळलो, अंबाझरीच्या चकरा मारल्या आणि मले पत्ता नव्हता. माझा धाकटा भाऊ लहानपणी 'हातपाय दुखतात' म्हणून रडायचा, आई तेल लावायची. तो बारा वर्षांचा असताना गेला. तेव्हा कावीळ म्हणाले होते. आता कोणाला विचारणार.

पोरगा शांत आहे, मीच नाही. पहिला प्रश्न त्याने विचारला, 'लेह गेलं का?' रक्तरोगवाल्या डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले यंदा लेह नको, पुढचं पुढे बघू, देहरादून चालेल. ते सहाशे-साडेसहाशे मीटरवरच आहे म्हणे. पाण्याची बाटली सोडायची नाही, तापात सराव नाही, आणि सरांना सांगून ठेवायचं. सरांना सांगितलं. त्यांनी बाकीच्या पोरांचीही करायला लावली, एवढं मात्र चांगलं केलं.

धंतोलीकर साहेब, तुम्हाला जे बोललो ते मागे घेतो. भावाचं काही सांगता येईल का आता?

धंतोलीकर | ११ ऑक्टोबर

इथून नाही सांगता येणार, आणि मी अंदाज करणार नाही. पण तुमच्या बाकीच्या भावंडांची आणि त्यांच्या मुलांची तपासणी करून घ्या, त्यातून काही उलगडेल. वाटल्यास सगळ्यांना घेऊन या, फाइल मी बघतो. तुम्ही इथे लिहिलंत ते सोपं नव्हतं.

लेहरिटर्न | ११ ऑक्टोबर

गडी, आमच्या गटातल्या त्या मुलाच्या वडिलांशी बोलायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. त्यांना विचारलंय, ते तयार आहेत.

बर्डीवाला | ११ ऑक्टोबर

भाऊ, माझ्या दोन्ही पोट्ट्यांची उद्याच करून घेतो. ते तर कॅरम खेळतात, तरी.

जुना_गडी | १२ ऑक्टोबर

व्यनि केला. धन्यवाद मंडळी.

पोट्टीची आई, तुम्ही देहरादूनला कोणत्या गाडीने जाणार? पोराला एकट्याला संघाबरोबर पाठवायचं होतं, आता मीही येतो म्हणतो.

पोट्टीची_आई | १२ ऑक्टोबर

तेलंगणाने दिल्ली, तिथून बसने. माझं तिकीट आरएसी आहे, तुमचं लगेच काढा, दिवाळीची गर्दी सुरू झालीये. आणि भाऊ, तर्री पोहा डब्यात आणणार असाल तर चण्याचा रस्सा वेगळा आणा, तिला तिखट लागतं.